धर्मसेवेचे शिक्षण आणि गावाची भाषा : भाईंदर-उत्तन परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने धर्मांतर, मिशनऱ्यांचे शैक्षणिक कार्य आणि मुद्रणकलेचा प्रसार या तीन विषयांकडे गेलेले दिसते. धर्मसेवेचे शिक्षण, म्हणजे धर्मगुरू, धर्मशिक्षक व प्रचारक कोठे, कशा रीतीने आणि मुख्य म्हणजे कोणत्या भाषेत घडवले गेले, हा विषय त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः कोणत्याही धर्मसमाजाची आध्यात्मिक जडणघडण तीन गोष्टींवर अवलंबून असते : वाचावयाचा ग्रंथ, तो समजावून देणारा शिक्षक आणि ज्या भाषेत तो समजावून दिला जातो ती भाषा. या तिन्ही गोष्टी एकत्र येतात तेव्हा शिक्षण रुजते. त्यांपैकी एक जरी दुरावली तरी संस्था उभी राहते, पण तिचा गावाशी असलेला संबंध क्षीण होतो.

प्रस्तुत लेखात भाईंदर पश्चिम व त्याला लागून असलेल्या धारावी बेटाचा, म्हणजे राई, मुर्धे, मोरवा, डोंगरी, तारोडी, उत्तन, पाली, चौक या गावांचा परिसर केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे. भाईंदर पश्चिमेचे नाझरेथ माता चर्च, डोंगरीचे बेथलेहेम माता चर्च आणि उत्तनचे सागरमाता चर्च ही या परिसराच्या ख्रिस्ती वस्तीची ठळक स्थाने होत. येथील मूळचा ख्रिस्ती समाज मासेमारी, शेती व मिठागरे यांवर जगणारा आणि घरात मराठीचीच बोली बोलणारा आहे. मात्र या समाजासाठी धर्मसेवक घडवणारी उच्च विद्यालये त्याच्या भूमीत दीर्घकाळ टिकली नाहीत. ती कधी गोव्यात, कधी कँडीला, कधी पुण्यात, तर कधी गोरेगावला होती. या अंतराचा अर्थ शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पोर्तुगीज काळ : विद्यालय आणि पुराण

इ. स. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई व तिच्या परिसराचा प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्यानंतर ठाणे, साष्टी आणि वसई या भागांत फ्रान्सिस्कन व जेझुइट संन्याशांनी चर्चे उभारली. बोरिवलीजवळील मंडपेश्वर येथे फ्रान्सिस्कनांनी लेण्याचेच चर्च केले आणि लगत मुलांसाठी विद्यालय चालवले. वसईत जेझुइटांचे विद्यालय होते. १५९७ मध्ये जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य पत्करलेले आणि १८६२ मध्ये संतपद दिले गेलेले गोन्सालो गार्सिया हे मूळचे वसईचे. त्यांचे बालपणीचे शिक्षण याच जेझुइट परंपरेत झाले होते.

या काळाचे चित्र एकरंगी रेखाटणे योग्य होणार नाही. मंदिरांचा विध्वंस, धर्मांतरितांना मिळणाऱ्या सवलती आणि गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन यांची सावली या शिक्षणावर होती. ज्या सत्तेने स्थानिक धर्मग्रंथांवर बंदी आणली, त्याच सत्तेच्या छत्राखाली मराठीत ख्रिस्ती ग्रंथरचना झाली, ही त्या काळातील मोठी विसंगती होय. तरीही शिक्षणाच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. १५६३ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मप्रांतात धर्मगुरूंच्या शिक्षणासाठी सेमिनरी असावी, असा निर्णय दिला. गोव्यात त्याआधीच, १५४१ मध्ये, अशा शिक्षणाचा पाया घातला गेला होता आणि तेथील सेंट पॉल विद्यालयात १५५६ मध्ये भारतातील पहिला छापखाना सुरू झाला होता. तथापि या विद्यालयांची भाषा लॅटिन व पोर्तुगीज होती. तेथे शिकलेल्या धर्मगुरूला गावकऱ्यांशी बोलण्यासाठी पुन्हा नव्याने शिकावे लागे.

ही उणीव ज्यांनी ओळखली त्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने गोव्याच्या सासष्टी भागात सुमारे चाळीस वर्षे काम केले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. ‘पैलें पुराण’ व ‘दुसरें पुराण’ अशा दोन भागांत मिळून त्यात १०,९६२ ओव्या आहेत. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची, तर दुसऱ्या भागात ख्रिस्तचरित्राची कथा येते. ग्रंथाच्या आरंभीच त्याचे प्रयोजन सांगितले आहे. जुनी पुराणे वाचण्यास मनाई झाली, तर त्यांच्या जागी नव्या धर्माचे पुराण का नसावे, असा प्रश्न धर्मशिक्षण घेणारा एक ब्राह्मण विचारतो आणि गुरू त्याला कथा सांगू लागतो. गुरुशिष्यसंवादाची ही चौकट संतसाहित्याच्या वाचकाला परकी नाही. संपूर्ण मराठी बायबल उपलब्ध होण्याच्या कितीतरी आधी बायबलचे शिक्षण देणारा हा पाठ्यग्रंथ होता. तो वर्गात बसून वाचण्यापेक्षा मंडळींसमोर गाऊन दाखवण्यासाठी रचलेला होता, हे विशेष.

स्टीफन्स यांचा ग्रंथ गोव्याचा आहे. उत्तर कोकणच्या दृष्टीने अधिक जवळचा ग्रंथ म्हणजे फ्रान्सिस्को वाझ द गिमारायंस यांचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील पुराण होय. हे पुराण १६५९ मध्ये लिस्बन येथे छापले गेले. त्याची भाषा वसई-साष्टीच्या बोलीला जवळची आहे. त्याला ‘ख्रिस्तपुराणा’ची काव्यगुणांची उंची नाही, असे अभ्यासक म्हणतात आणि ते योग्यही आहे. पण धर्मशिक्षणाच्या इतिहासात ग्रंथाचे मोल केवळ काव्यगुणांवर ठरत नाही. उपवासकाळात हे पुराण गावोगावी वाचले जाई आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याचे पुनर्मुद्रण झाले. दोन शतकांनंतरही ज्याला ग्राहक मिळतो, तो ग्रंथ समाजाच्या वापरात होता असेच म्हणावे लागते.

२. १७३९ नंतर : विद्यालयाविना समाज

१७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी आप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी धारावी बेट जिंकले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसईचा किल्ला घेतला. चौक येथील धारावी किल्ल्याचे अवशेष या संघर्षाची साक्ष देतात. वसईच्या पाडावानंतर युरोपीय संन्यासी मंडळे या प्रदेशातून गेली आणि त्यांची विद्यालये ओस पडली. मागे राहिलेल्या ख्रिस्ती गावांची धार्मिक सेवा प्रामुख्याने गोव्यातील देशी धर्मगुरूंकडे आली.

या घटनेकडे सामान्यतः ऱ्हासाचा आरंभ म्हणून पाहिले जाते. ते अंशतः खरे आहे. तथापि तिची दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. राज्यसत्तेचे पाठबळ गेल्यावर, विद्यालये बंद पडल्यावर आणि धर्मगुरूंची संख्या घटल्यावरही हा समाज ख्रिस्ती राहिला. सवलती वा धाक यांपैकी काहीही शिल्लक नसताना श्रद्धा टिकते, तेव्हा तिची मुळे अन्यत्र शोधावी लागतात. ती मुळे घरातील संध्याकाळच्या रोझरीत, गावच्या क्रुसापाशी म्हटल्या जाणाऱ्या लादीनमध्ये, तोंडपाठ प्रार्थनांत आणि उपवासकाळातील पुराणवाचनात सापडतात. या शिक्षणाला ना अभ्यासक्रम होता ना पदवी. शिकवणारे गावातीलच प्रापंचिक लोक होते आणि घरात हे काम मुख्यतः आजी व आई यांच्याकडे असे. त्याची भाषा गावाची होती, म्हणून ते विद्यालयाविना चालू शकले.

याउलट गोव्यात काय घडले, हे पाहणे उद्बोधक ठरेल. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर थांबवून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करावी, असा आदेश काढला. ज्या भूमीत ‘ख्रिस्तपुराण’ जन्मले, तेथेच त्याची भाषा संशयास्पद ठरली. १६५४ नंतर तेथे त्याची नवी आवृत्ती निघाली नाही आणि पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांच्या रूपाने. १९०७ मध्ये जोसेफ सालढाणा यांनी मंगळूर येथे तो पुन्हा छापला आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली तो देवनागरीत आला. म्हणजे मराठी वाचकाला मराठीतील हा ग्रंथ आपल्या लिपीत मुद्रित स्वरूपात मिळण्यास ३४० वर्षे लागली.

दरम्यान धर्मगुरूंचे शिक्षण गोव्यातच होत राहिले. १७५९ मध्ये पोर्तुगालच्या राज्यातून जेझुइटांची हकालपट्टी झाली आणि १७६२ मध्ये राशोलचे विद्यालय धर्मप्रांतीय सेमिनरी बनले. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली. राज्यकर्ते बदलले, पण चर्चचा अधिकार पोर्तुगीज राजाश्रयाच्या ‘पाद्रोआदो’ व्यवस्थेतच राहिला. १८८६ मध्ये साष्टी-वसईचा समावेश दमणच्या धर्मप्रांतात झाला आणि १९२८ मध्ये तो प्रदेश मुंबई महाधर्मप्रांताला जोडला गेला. इंग्रजी अंमलात राहणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या समाजाचे धर्मगुरू पोर्तुगीज परंपरेत शिकलेले असावेत आणि त्यांनी उपासना लॅटिनमध्ये चालवावी, अशी ही चमत्कारिक स्थिती होती. १८८७ मध्ये येथील मूळ ख्रिस्ती समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारून आपली स्वतंत्र संघटना उभारली. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखवण्याची आणि इंग्रजी नोकरीच्या बाजारात टिकण्याची गरज त्यामागे होती. मात्र या नव्या ओळखीबरोबर इंग्रजीकडे ओढाही वाढला, हे नाकारता येत नाही.

३. प्रॉटेस्टंट प्रवाह : मराठीतील धर्मविद्या

याच शतकात खाडीपलीकडे आणि घाटावर वेगळा प्रयोग चालू होता. फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. १८२६ मध्ये त्यांच्या मिशनने मराठी नवा करार प्रसिद्ध केला. १८३१ पासून अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे महत्त्वाचे केंद्र बनले आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ नियतकालिक सुरू झाले. प्रॉटेस्टंट पंथात बायबलवाचन हा प्रत्येक श्रद्धावंताचा अधिकार व कर्तव्य मानले जात असल्याने धर्मशिक्षणाची भाषा मराठी असणे क्रमप्राप्तच होते. बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले, हे साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक असते. परंतु त्यांनी नव्या करारावर मराठीत भाष्यलेखन केले, ही बाब धर्मशिक्षणाच्या दृष्टीने तितकीच महत्त्वाची आहे.

अहमदनगरची धर्मविद्येची पाठशाळा हा या प्रवाहाचा उत्कर्षबिंदू मानता येईल. रॉबर्ट ह्यूम यांच्या कार्याशी निगडित असलेल्या या पाठशाळेत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी अध्यापन केले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग, भजन व कीर्तन ही साधने उपासनेत आणली. पाश्चात्त्य चालींवर बेतलेली गीते गाणाऱ्या मंडळींना त्यांनी आपल्या मातीतील स्वर दिला. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून अपुरे राहिले आणि ते लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. स्टीफन्स यांनी तीन शतकांपूर्वी ओवीत जे साधले, त्याचेच हे नव्या काळातील पुनरुज्जीवन होते. फरक एवढाच की स्टीफन्स परदेशातून येऊन मराठी शिकले होते, तर टिळकांना ती परंपरा जन्मतः लाभली होती.

पंडिता रमाबाईंचे कार्य या संदर्भात अधिक मूलगामी ठरते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी निराधार स्त्रियांना आश्रय व शिक्षण दिले, हे सर्वश्रुत आहे. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला. प्रचलित अनुवादाची संस्कृतप्रचुर भाषा अल्पशिक्षित स्त्रीला कळत नाही आणि काही संस्कृत शब्द आपल्याबरोबर निराळा तात्त्विक अर्थ घेऊन येतात, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांनी सोप्या मराठीचा आग्रह धरला. हा अनुवाद त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. छपाईचे काम मुक्ती मिशनमधील स्त्रियांनीच केले. ज्यांच्यासाठी ग्रंथ होता, त्यांच्याच हातांनी तो छापला गेला. एरवी परस्परांपासून दूर असणारे ग्रंथ, शिक्षक आणि भाषा हे तिन्ही घटक येथे एका आवारात एकत्र आले.

परंतु हा प्रवाह भाईंदर-उत्तनपर्यंत पोहोचला नाही. पंथभेदाची भिंत उंच होती. कॅथोलिक गावात प्रॉटेस्टंट बायबल वाचणे त्या काळी कल्पनेबाहेरचे होते. शिवाय प्रॉटेस्टंटांचे उच्च धर्मशिक्षणही पुढे इंग्रजीकडे वळले. यवतमाळ येथे मराठी बायबल प्रशिक्षणापासून वाढत गेलेली संस्था १९५३ मध्ये ‘युनियन बिब्लिकल सेमिनरी’ झाली आणि १९८३ मध्ये पुण्यास स्थलांतरित झाली. देशभरातील विद्यार्थी येऊ लागल्यावर इंग्रजी अटळ होती. संस्थेची व्याप्ती वाढली, पण तिचे मराठी मूळ मागे पडले.

४. व्हॅटिकन परिषदेनंतरचा बदल

कॅथोलिक पक्षात निर्णायक बदल झाला तो दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे (१९६२-१९६५). डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषेचा वापर मान्य झाला. ऑक्टोबर १९६५ च्या धर्मगुरूंच्या शिक्षणविषयक दस्तऐवजाने बायबलचा अभ्यास हा धर्मविद्येचा आत्मा असावा, असे सांगितले. नोव्हेंबर १९६५ च्या दस्तऐवजाने बायबल सर्व श्रद्धावंतांना सहज उपलब्ध व्हावे, असा आग्रह धरला. मराठी कॅथोलिक समाजासाठी या तीन निर्णयांचा एकत्रित परिणाम फार मोठा होता. शतकानुशतके लॅटिनमध्ये ऐकलेली मिस्सा आता मराठीत होऊ लागली. त्याचबरोबर मराठीत प्रवचन देणारा, मराठीत बायबल शिकवणारा धर्मगुरू कोठून आणायचा, हा प्रश्नही प्रथमच उघडपणे पुढे आला.

धर्मगुरूंचे उच्च शिक्षण या वेळी पुण्यात व मुंबईत स्थिरावले होते. १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे स्थापन झालेली पोपप्रणीत सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यात आली. मुंबई महाधर्मप्रांताची सेमिनरी गोरेगावला आहे. भाईंदरहून गोरेगाव लोकलच्या प्रवासात फार दूर नाही. शिक्षणाच्या भाषेचे अंतर मात्र पूर्वीच्या गोव्याच्या अंतराहून फारसे कमी झाले नाही, कारण लॅटिन व पोर्तुगीजची जागा इंग्रजीने घेतली.

हे अंतर भरून काढण्याचे काम प्रामुख्याने वसईने केले. १९५५ मध्ये सुरू झालेल्या ‘सुवार्ता’ मासिकाने मराठी कॅथोलिक वाचक घडवला. १९८३ ते २००७ या काळात त्याचे संपादन करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४) यांचा ‘सुबोध बायबल’ हा अनुवाद २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. एका कॅथोलिक धर्मगुरूला मराठी साहित्यविश्वाने दिलेली ही मान्यता स्टीफन्सपासूनच्या परंपरेची विलंबाने मिळालेली पोचपावती म्हणता येईल.

मे १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. त्यामुळे वसईच्या खाडीला एक नवे महत्त्व आले. खाडीच्या उत्तरेकडील ख्रिस्ती समाजाला मराठीभाषक बहुसंख्येचा धर्मप्रांत मिळाला. दक्षिणेकडील भाईंदर-उत्तन मात्र मुंबई महाधर्मप्रांतात राहिले. दोन्ही तीरांवरील समाजांचा इतिहास समान, पुराणाची परंपरा समान. धर्मशिक्षणाची भाषिक परिस्थिती मात्र भिन्न झाली.

भाईंदरच्या बाजूला नागरीकरणाने या प्रश्नाला आणखी धार आणली. मीरा-भाईंदरची लोकसंख्या १९९१ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती पाच लाखांवर आणि २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. २००२ मध्ये येथे महानगरपालिका स्थापन झाली. गोवा, मंगळूर, केरळ, तामिळनाडू येथून आलेली ख्रिस्ती कुटुंबे स्थायिक झाली. अशा बहुभाषिक धर्मग्रामात इंग्रजी ही सोयीची समान भाषा ठरते आणि तिचा स्वीकार करणाऱ्यांना दोष देता येणार नाही. मूळच्या कुटुंबांतील मुलेही इंग्रजी माध्यमात शिकतात. परिणामी मुलाचे धर्मज्ञान इंग्रजीत, आजीची प्रार्थना बोलीत आणि दोघांमधील धागा विरत चाललेला, असे चित्र दिसते. १७३९ नंतर ज्या घरगुती शिक्षणाने हा समाज तारला, त्याच शिक्षणाची भाषा आता घरातून जात आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, उत्तर कोकणात धर्मसेवेचे शिक्षण देणाऱ्या संस्था राज्यसत्तेबरोबर आल्या व गेल्या. समाजाची आध्यात्मिक जडणघडण मात्र गावाच्या भाषेतील पुराण, प्रार्थना व प्रापंचिक शिक्षक यांनी टिकवली. दुसरा निष्कर्ष असा की, स्टीफन्स, गिमारायंस, टिळक, रमाबाई आणि दिब्रिटो या परस्परांपासून पंथाने व काळाने दूर असलेल्या व्यक्तींना जोडणारा दुवा भाषेचा आहे. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याच्या भाषेत उतरावे, ही त्यांची समान भूमिका होती. तिसरा निष्कर्ष असा की, उच्च धर्मशिक्षण जसजसे व्यापक होत गेले, तसतशी त्याची भाषा गावापासून दूर गेली. हे लॅटिनच्या बाबतीत घडले आणि इंग्रजीच्या बाबतीतही घडत आहे.

इंग्रजीचा त्याग करावा, असा याचा अर्थ नाही. हिब्रू व ग्रीक शिकूनही रमाबाईंनी लिहिले ते केडगावच्या स्त्रीला कळेल अशा मराठीत. परभाषेतील विद्या आणि स्वभाषेतील अध्यापन यांत विरोध नाही, हे त्यांनी दाखवून दिले. सेमिनरीच्या अभ्यासक्रमात ‘ख्रिस्तपुराण’, वसई-साष्टीचे पुराण आणि ‘ख्रिस्तायन’ यांना पाठ्यग्रंथ म्हणून स्थान मिळाले, तर भावी धर्मगुरूला आपल्या लोकांची धार्मिक भाषा वारशाने लाभेल. उत्तन-डोंगरी परिसरात ज्येष्ठांच्या मुखी असलेल्या प्रार्थना, लादीन व पुराणाचे अंश ध्वनिमुद्रित करून त्यांचे देवनागरीत संपादन करणे, हे स्थानिक महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांना सहज करता येण्याजोगे काम आहे. ‘ख्रिस्तपुराण’ हस्तलिखितांमुळे वाचले. मौखिक परंपरेला असा आधार नसतो. ती जपणाऱ्या पिढीबरोबर ती जाते, म्हणून हे काम त्या पिढीच्या हयातीतच व्हावयास हवे.